पाण्यातले धातू वेचणारे शेवाळ

माणिकपुराहून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघालात, तर बागायती गावांत जागोजागी बावखले दिसतात. पावसाचे पाणी साठवून वाड्यांना पुरवण्यासाठी पूर्वजांनी खणलेली ही तळी. त्यांच्या कडेला हिरवे, तंतुमय शेवाळ साचते. उलट दिशेने रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला गेलात, तर लहान कारखान्यांच्या वसाहती लागतात. लोखंडी वस्तूंवर निकेल, क्रोमियम, जस्त यांचा मुलामा देणे हा अशा वसाहतींमधला नेहमीचा उद्योग. मुलामा दिलेली वस्तू पाण्यात धुतली, की थोडा धातू त्या पाण्यात उतरतो.

एकीकडे शेवाळ आणि दुसरीकडे धातूमिश्रित पाणी. या दोहोंचा संबंध काय, हे आज आपण पाहू.

धातू नाहीसा होत नाही

स्वयंपाकघरातले सांडपाणी काही दिवस हवेत राहिले, तर त्यातील अन्नाचे कण जिवाणू खातात. त्यांचे शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, म्हणजे घाण खरोखरच संपते. धातूचे तसे नाही. निकेलचा अणू जिवाणूने गिळला, गाळात रुतला किंवा माशाच्या पोटात गेला, तरी तो निकेलचाच अणू राहतो. त्याची फक्त जागा बदलते.

आपल्या दक्षिणेची वसईची खाडी याची साक्ष देते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या औद्योगिक पट्ट्यातून आलेली उल्हास नदी या खाडीतून समुद्राला मिळते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतील गाळ तपासला. त्यात पाऱ्याचे प्रमाण नैसर्गिक पातळीपेक्षा पुष्कळ जास्त आढळले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाहत्या पाण्याबरोबर पारा समुद्रात निघून गेला नव्हता, तो तळाशी बसून राहिला होता. पाऱ्याचा धोका किती भयंकर असतो, हे जपानमधील मिनामाता गावाने जगाला दाखवले. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा तेथे माशांत साठत गेला, आणि ते मासे खाणाऱ्या माणसांच्या मज्जासंस्था निकामी झाल्या. या रोगाची पहिली अधिकृत नोंद १९५६ सालची आहे.

‘भरपूर पाणी मिसळून सोडून द्यावे’ असे कोणी म्हणेल. आपल्या देशातील सर्वसाधारण नियमांनुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यात दर लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत निकेल चालते. पिण्याच्या पाण्यात मात्र फक्त ०.०२ मिलिग्रॅम चालते. म्हणजे पहिल्या पाण्याचे दुसरे करायचे, तर ते दीडशे पट पातळ करावे लागेल! एवढे करूनही धातूचा एक कणही कमी झालेला नसेल.

कारखान्यांतील रूढ उपाय चुन्याचा. चुना घातला की धातू हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसतो. धातू भरपूर असेल, तर ही रीत चांगली आणि स्वस्त. पण धातू थोडाच असेल, तर शेवटचे काही मिलिग्रॅम काढणे अवघड जाते. शिवाय अनेक पदार्थांची सरमिसळ झालेला विषारी गाळ हाती येतो. तो कोठे ठेवायचा, हा नवाच प्रश्न.

मेलेल्या शेवाळाची करामत

शेवाळ हा शब्द आपण बावखलातल्या हिरव्या थराला वापरतो, पण समुद्रात वाढणाऱ्या मोठ्या वनस्पतीही याच गटातल्या. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचे तपकिरी शैवाल वाढते. द्राक्षांसारखे छोटे हवेचे फुगे त्याला असतात, त्यामुळे ते सहज ओळखता येते.

तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनिक आम्ल असते. एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने ते १८८१ साली शोधून काढले. आइस्क्रीम घट्ट आणि मऊ राखायला वापरतात ते अल्जिनेट यापासूनच बनते. या आम्लाचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. तिच्यावर ठरावीक अंतराने कार्बॉक्सिल गट असतात, आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण विद्युतभार येतो. समुद्रात असताना या जागा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांच्या धन आयनांनी भरलेल्या असतात. आता तेथे शिसे किंवा तांबे यांचे आयन आले, तर काय होते? ते जागेला अधिक घट्ट धरतात आणि कॅल्शियमला बाहेर ढकलतात. दोन साखळ्यांमधल्या पोकळ्यांत हे आयन अंड्यांच्या ट्रेमधील अंड्यांसारखे बसतात.

या क्रियेला आयन-विनिमय म्हणतात. तिला शेवाळ जिवंत असण्याची गरज नाही. जिवंत शेवाळही धातू आत घेते, पण धातू फार झाला तर तेच मरते. वाळवून भरडलेल्या शेवाळाला ना अन्न लागते, ना ऊन.

थोडे गणित

मुलाम्याच्या कामात वस्तू धुतलेले १,००० लिटर पाणी आहे आणि त्यात दर लिटरला ३० मिलिग्रॅम निकेल आहे, असे धरा. एकूण निकेल झाले ३० ग्रॅम.

सरगॅससारख्या शैवालाच्या १ किलो कोरड्या भुशात ऋणभाराच्या जागा सुमारे २ मोल असतात. निकेलच्या आयनावर दोन धनभार असल्याने त्याला दोन जागा लागतात. म्हणजे १ किलो भुसा फार तर १ मोल, अर्थात सुमारे ५९ ग्रॅम निकेल धरील. प्रत्यक्षात सगळ्या जागा भरत नाहीत. निम्म्या भरल्या असे धरले, तर आपले ३० ग्रॅम निकेल १ किलो भुशात मावते. पाणी भुशाच्या नळकांड्यातून सावकाश सोडले, की बहुतेक निकेल मागे राहते.

पण येथेच थांबलो तर काय साधले? पाण्यातले विष भुशात गेले, एवढेच. तो भुसा उकिरड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात निकेल पुन्हा वाट काढील. म्हणून या रीतीचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा आहे.

भुशातून १० लिटर सौम्य गंधकाम्ल सोडा. आम्लात हायड्रोजनचे आयन विपुल असतात. ते संख्याबळावर निकेलला जागा सोडायला लावतात. आता ३० ग्रॅम निकेल १,००० लिटरऐवजी १० लिटरमध्ये आले. संहती शंभरपट वाढली, आणि दर लिटरला ३ ग्रॅम निकेल मिळाले. एवढ्या संहतीच्या द्रावणातून विद्युत विघटनाने धातू काढता येतो. धुतलेला भुसा पुन्हा कामाला लावता येतो. विषारी कचरा म्हणून जे टाकले असते, तेच कच्च्या मालाच्या रूपाने परत मिळाले.

जगातले प्रयत्न आणि अडचणी

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की यांनी १९८० च्या दशकात यावर मोठे काम केले. सरगॅसम द्रावणातील सोनेही धरून ठेवते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९८८ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेत क्लोरेला हे एकपेशीय शैवाल सिलिकाच्या जेलमध्ये बसवून ‘अल्गासॉर्ब’ नावाचे द्रव्य तयार झाले. पाऱ्याने दूषित झालेल्या भूजलावर त्याची चाचणीही झाली.

मग ही रीत घरोघरच्या कारखान्यांत का नाही? कारणे सरळ आहेत. शैवालाची घडण ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते. कारखान्यात बनवलेली आयन-विनिमय रेझिने मात्र नेहमी एकसारखी मिळतात. भुसा पाण्यात फुगतो, मऊ पडतो आणि नळकांडे तुंबते. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, फार कमी असेल, तर हायड्रोजन आयन आधीच जागा अडवतात. सामू ४ ते ५ च्या आसपास काम बरे चालते. सहासंयुजी क्रोमियम तर पाण्यात ऋण आयनाच्या रूपात असते. ऋण जागा त्याला दूरच ढकलते, म्हणून त्याच्यासाठी निराळी योजना लागते.

करून पाहा

हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. मोरचूद विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला.

१. बावखलातले तंतुमय शेवाळ स्वच्छ धुऊन, वाळवून चुरा.

२. १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.४ ग्रॅम मोरचूद विरघळवा. यात तांबे सुमारे १०० मिलिग्रॅम येते.

३. त्यातील १०० मिलिलिटर द्रावणात २ ग्रॅम चुरा घाला. अधूनमधून ढवळत एक तास ठेवा आणि गाळून घ्या. दुसऱ्या चंचुपात्रात साध्या पाण्यात तेवढाच चुरा ठेवा. शेवाळाचा स्वतःचा रंग किती उतरतो, ते त्यावरून कळेल.

४. मूळ द्रावण, गाळलेले द्रावण आणि साधे पाणी वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत सारख्या उंचीपर्यंत घ्या. प्रत्येकीत अमोनियाचे द्रावण घाला. तांबे असेल तेथे निळा रंग येतो. नळ्या पांढऱ्या कागदावर धरून वरून खाली पाहा. द्रावणाची पूर्ण उंची डोळ्यासमोर येते, त्यामुळे फिका रंगही कळतो.

५. गाळलेला चुरा थोड्या पाण्याने धुवा. मग त्यावर १० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओता आणि पुन्हा गाळा. या द्रावणात काचकागदाने घासलेला लोखंडी खिळा बुडवा. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर दिसेल. तुम्ही पाण्यातून वेचलेले तांबे ते हेच!

उरलेली द्रावणे आणि चुरा मोरीत किंवा बावखलात टाकू नका. सुपारीच्या बागांत फवारतात त्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद तो हाच. त्याने बुरशी मरते, तसे मासे आणि शेवाळही मरतात. सर्व एका बाटलीत भरा, तिच्यावर नाव लिहा आणि ती शिक्षकांकडे द्या.

विचार करा

१. चौथ्या कृतीत निळा रंग पूर्ण गेला नाही, तर चुरा वाढवावा की वेळ वाढवावा? हे कसे ठरवाल?

२. मूळ द्रावणात आधी मीठ किंवा चुन्याची निवळी घातली, तर शेवाळ तांबे कमी धरील का? का?

३. शेवाळाने तांबे धरले. शेवटी ते कोठे आहे? बाटलीत किती, खिळ्यावर किती, चुऱ्यात किती? या तिन्हींची आणि गाळलेल्या द्रावणात उरलेल्या तांब्याची बेरीज सुरुवातीच्या १० मिलिग्रॅमइतकीच आली पाहिजे. पाणी शुद्ध करण्याची कोणतीही रीत कोणी सांगितली, तर हाच हिशेब आधी मागा.