३१ की ६३? : पोकेमॉनच्या अंड्यांचं गणित

पोकेमॉन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना टीव्हीवरचा पिवळाधम्मक पिकाचू आणि दर भागात हरून आकाशात उडून जाणारी टीम रॉकेट आठवते. पण मंडळी, पोकेमॉन मुळात कार्टून नव्हे, तो हातात धरून खेळायचा गेम! सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांना लहानपणी किडे गोळा करायचा भारी नाद होता. त्या नादातूनच ही कल्पना निघाली, आणि २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन गेम बाजारात आले. प्राणी पकडा, वाढवा, दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवा, एवढाच मामला.

१९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये एक नवी सोय आली. नर-मादीची जोडी पाळणाघरात ठेवायची आणि फिरायला जायचं. परत येतो तो अंडं तयार! ते घेऊन चालत राहायचं, ठराविक पावलांनंतर पिल्लू बाहेर येतं. मॅजिकार्प नावाच्या बिनकामाच्या माशाचं अंडं पटकन फुटतं, ड्रॅटिनीसारख्या खानदानी ड्रॅगनला त्याच्या आठपट चालावं लागतं. आता यात अभ्यासाचं काय, असं मेसच्या टेबलावर मला नेहमी विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. एम-३ ची प्रोबॅबिलिटी ज्यांच्या डोक्यावरून गेली त्यांनी जरूर वाचावं.

पिल्लू कुणावर जातं?

प्रत्येक पोकेमॉनला सहा आकडे असतात: एचपी (म्हणजे जीव), अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. हे आकडे तीन गोष्टींवर ठरतात. पहिली जात, गार्चॉम्प हा गार्चॉम्पच असणार, ते कुणी बदलू शकत नाही. दुसरी जन्मतः मिळालेला छुपा आकडा. याला खेळाडू 'आयव्ही' म्हणतात. २००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर'पासून तो ० ते ३१ मध्ये असतो आणि सहा गुणांसाठी सहा वेगवेगळे असतात. तिसरी लढाया करून कमावलेला आकडा, 'ईव्ही'. याशिवाय २५ प्रकारचे स्वभाव आहेत. बहुतेक स्वभाव एक गुण १० टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा १० टक्क्यांनी कमी करतात. उदाहरणार्थ 'जॉली' स्वभावाचा प्राणी वेगाने वरचढ, पण स्पेशल अटॅकमध्ये मार खातो.

पिल्लाची जात आईवरून ठरते. गार्चॉम्पचं पिल्लू म्हणजे गिबल हवं असेल तर आई त्या घराण्यातली पाहिजे. बाप त्याच 'अंड्याच्या गटातला' कुणीही चालतो. (डिट्टो नावाचा एक चिकट गोळा जवळपास कुणाशीही संसार थाटतो, त्याचा विषय वेगळा.) राहिले आयव्ही. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'पासूनचा नियम असा: एका पालकाच्या हातात 'डेस्टिनी नॉट' ही गाठ दिली तर सहापैकी पाच आयव्ही आईबापांकडून येतात. कुठले पाच आणि त्यातला कुठला आईचा, कुठला बापाचा, हे नाणं उडवून ठरतं. उरलेला सहावा पूर्ण नशिबावर. दुसऱ्या पालकाच्या हातात 'एव्हरस्टोन' दिला की त्याचा स्वभाव पिल्लात हमखास उतरतो. दोन पालक, प्रत्येकाच्या हातात एकच वस्तू, म्हणजे हिशोब चोख बसतो.

आकडेमोड

रानात पकडलेल्या साध्या पोकेमॉनचे सहाच्या सहा आयव्ही ३१ असण्याची शक्यता किती? ३२ चा सहावा घात करा. १०७ कोटींहून जास्त प्राण्यांत एक! म्हणजे नुसतं पकडत बसणाऱ्याची चार वर्षं काय, चार जन्म जातील.

आता समजा आईचा स्पीड ३१ आहे आणि बापाचा यथातथाच. पिल्लाला ३१ मिळण्याची शक्यता साधारण ४२ टक्के. तेच दोघांचाही स्पीड ३१ असेल तर ८४ टक्के. यातच सगळी युक्ती आली. पहिल्या फेरीत जे पिल्लू आईपेक्षा किंवा बापापेक्षा सरस निघेल त्याला मोठ्या माणसांच्या जागी बसवायचं (मुलगी असेल तर आईच्या, मुलगा असेल तर बापाच्या) आणि पुन्हा अंडी घ्यायची. प्रत्येक फेरीत एखादा ३१ दोन्ही बाजूंना जमा होतो आणि पुढची वाट सोपी होत जाते. खऱ्या जनावरांत असं जवळच्या नात्यात जुळवत गेलं तर दोष वर येतात. गेममध्ये तो दंड ठेवलेलाच नाही. इथे वारसा म्हणजे फक्त आकड्याची झेरॉक्स.

शेवटी दोन्ही पालक सहा-सहा ३१ वाले झाले की पिल्लूही तसंच निघण्याची शक्यता ३२ त १. डेस्टिनी नॉटचा हा गुण येण्याआधी आईबापांकडून तीनच आकडे यायचे. तेव्हा हेच प्रमाण ३२,७६८ त १ पडलं असतं. एका गाठीने एवढा फरक!

पण थांबा. '३२ त १' म्हणजे बत्तिसावं अंडं फुटलं की काम फत्ते, असं नव्हे. ३२ अंडी फोडूनही एकही मनासारखं न निघण्याची शक्यता तब्बल ३६ टक्के आहे. नव्वद टक्के खात्री हवी असेल तर ७३ अंड्यांची तयारी ठेवा. आणि 'एवढी वाया गेली, आता तर येणारच' हे तर साफ चूक. मागच्या अंड्यांचं काय झालं हे नव्या अंड्याला ठाऊक नसतं.

इथे इंजिनिअरने विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: सहावा ३१ हवाय कशाला? गार्चॉम्प बहुधा अंगाने भिडणारा गडी, त्याला स्पेशल अटॅक लागतच नाही. म्हणजे पाचच आकडे पाहिजेत. पालकांकडे तेच पाच असतील तर हवं ते पिल्लू मिळण्याची शक्यता १९ टक्के, जवळजवळ पाचात एक! बत्तीस कुठे आणि पाच कुठे. आधी स्पेसिफिकेशन लिहा, मग कामाला लागा, असं आमचे डिझाइनचे सर म्हणतात ते उगीच नाही.

३१ मोठा की ६३?

आता मुख्य मुद्दा. एवढा खटाटोप करून मिळालेल्या ३१ ची किंमत किती? लेव्हल १०० ला एचपी सोडून बाकीचे आकडे असे निघतात: जातीचा मूळ आकडा दुप्पट करा, त्यात आयव्ही मिळवा, ईव्हीचा चौथा भाग मिळवा, वर ५ मिळवा आणि स्वभाव अनुकूल असेल तर १.१ ने गुणा. अपूर्णांक सोडून द्या. एका गुणात कामाला येणारे ईव्ही जास्तीत जास्त २५२, त्याचा चौथा भाग ६३. म्हणजे जन्माने फार तर ३१ मिळतात आणि मेहनतीने ६३. दुपटीहून जास्त!

गार्चॉम्पचा मूळ स्पीड १०२. दोन भाऊ घेऊ, दोघेही जॉली. थोरल्याचा आयव्ही ३१, पण तो पाळणाघरातून आल्यापासून लोळत पडलाय, ईव्ही शून्य. त्याचा स्पीड येतो २६४. धाकट्याचा आयव्ही चक्क शून्य, पण ईव्ही पूर्ण २५२. त्याचा स्पीड २९९. आधी वार कोण करणार? धाकटा. हवं तर कॅल्क्युलेटर घेऊन पडताळा.

मग ३१ ला काहीच अर्थ नाही का? आहे. सॅलमेन्स नावाचा दुसरा ड्रॅगन आहे, मूळ स्पीड १००. जॉली स्वभाव, सगळं काही पूर्ण भरलेलं असलं की त्याचा स्पीड ३२८. पूर्ण भरलेला गार्चॉम्प ३३३, म्हणजे पहिला वार त्याचा. पण गार्चॉम्पचा आयव्ही २७ असेल तर बरोबरी, आणि २६ असेल तर तो ३२७ वर अडकतो आणि पहिला वार सॅलमेन्सचा. पाच अंकांनी बाजी पलटली! म्हणजे जन्माचा आकडा निर्णायक ठरतो, पण कधी? समोरच्याने आणि आपण दोघांनीही मेहनत पूर्ण केल्यावर. त्याआधी नाही.

आणखी एक मेख आहे. ईव्हीची एकूण मर्यादा ५१०. म्हणजे दोन गुण पूर्ण भरले की हातात ६ उरतात. सगळ्यात अव्वल कुणालाच होता येत नाही, निवडावंच लागतं. (रोबोटिक्स, गॅदरिंग, गेट आणि क्रिकेट एकाच सेममध्ये करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

नाकारलेल्या पिल्लांचं काय?

या छंदाची एक बाजू मला कायम खटकते. एक मनासारखं पिल्लू मिळेपर्यंत खेळाडू डझनावारी अंडी फोडतो आणि बाकीच्यांना सोडून देतो. त्यांचं चुकलं काय, तर एका खान्यात ३१ ऐवजी १९. एकाही लढाईची संधी न मिळता ती यादीतून जातात. खेळाच्या सुरुवातीपासून सोबत असलेला पहिला पोकेमॉनही याच कारणाने पेटीत धूळ खात पडतो.

गेम करणाऱ्यांनाही हे जाणवलं असावं. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये त्यांनी 'हायपर ट्रेनिंग' आणलं: लेव्हल १०० पर्यंत वाढवलेल्या पोकेमॉनला बाटलीच्या बुचांच्या बदल्यात असं शिक्षण द्यायचं, की लढताना तो आकडा ३१ सारखाच चालतो. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये स्वभावाचा परिणाम बदलणाऱ्या पुदिन्याच्या पुड्या आल्या. जुना सोबती पुन्हा मैदानात उतरू लागला. मात्र हे शिकून आलेलं पिल्लांना मिळत नाही; अंड्यात मूळ आकडाच उतरतो. ईव्हीचंही तेच. गंमत म्हणजे आईबापांनी शिकलेल्या काही चाली मात्र पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. शास्त्र म्हणून हे चूक आहे, पण कल्पना म्हणून मला फार आवडते.

आता हे सगळं हॉस्टेलच्या मासिकात कशाला? आमच्या विंगमध्ये दर वर्षी फर्स्ट इयरची मुलं आली की पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न फिरतो, 'सीईटीला किती?' मग ज्याचे कमी तो स्पॉट राउंडवाला म्हणून गप्प बसतो आणि ज्याचे जास्त तो निवांत. दोघेही एका आकड्यावरून स्वतःला पेटीत टाकून मोकळे! अरे, गेममधल्या प्राण्याचा आकडा तरी प्रोग्रॅमरने खरोखर लिहिलेला असतो. माणसाचा असा आकडा कुठेच लिहिलेला नाही, ना मार्कलिस्टमध्ये, ना छत्तीस गुणांच्या पत्रिकेत. आणि जिथे तो लिहिलेला आहे तिथेसुद्धा, वर पाहिलंत, लोळणाऱ्या ३१ पेक्षा राबणारा शून्य पुढे जातो.

असो. ज्यांना ४२ टक्के आणि ८४ टक्के कसे आले हे समजलं नसेल त्यांनी ते स्वतः सोडवून पाहावं. सूचना: गाठ सहातला एक आकडा सोडून देते, तिथून सुरुवात करा. तरी नाही सुटलं तर रात्री जेवणानंतर कॉमन रूममध्ये या. वही आणि पेन घेऊन या, चहा तुमच्याकडून!