बर्फाचा मुक्काम हलतो तेव्हा
(इयत्ता सहावी व सातवीच्या भूगोल आणि सामान्य विज्ञान या विषयांच्या शिक्षकांसाठी)

समशीतोष्ण प्रदेशांतील हिवाळा शिकविताना बहुतेक वर्गांत एकच वाक्य सांगितले जाते : तेथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळ्यात तो वितळतो. वाक्य खोटे नाही. परंतु त्यातून मुलांच्या मनात असे चित्र उभे राहते की, ठरलेल्या तारखेस बर्फ येतो, ठरलेल्या तारखेस जातो आणि मध्यंतरी कोणास काही करावयाचे उरत नाही. बर्फ पडताना कसा दिसतो हे चित्रांतून कळते. तो जातो कसा, तो गेला हे ठरवितो कोण आणि जाताना तो काय काय करून जातो, याविषयी पाठ्यपुस्तकांत फारच थोडे असते. वस्तुतः विज्ञानाच्या दृष्टीने हाच भाग अधिक बोधप्रद आहे. तो शिकविण्यास ब्रिटनमधील १९६२-६३ चा हिवाळा हे उत्तम उदाहरण होय.

ब्रिटन हे बेट अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे त्याच अक्षांशावरील इतर देशांपेक्षा उबदार असते. इंग्लंडच्या दक्षिण भागात बर्फ हा दोन-चार दिवस राहून जाणारा पाहुणा. त्या वर्षी मात्र उत्तरेकडे व ईशान्येकडे वायुभार वाढून बसला, पश्चिमी वाऱ्यांची वाट अडली आणि रशिया व स्कँडिनेव्हियाकडील कोरडे, बोचरे वारे वाहू लागले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९६२ रोजी, दक्षिणेत हिमवृष्टी झाली. २९ व ३० डिसेंबरला नैर्ऋत्य इंग्लंड व वेल्स यांवर हिमवादळ कोसळले. वाऱ्याने लोटलेल्या बर्फाच्या राशी काही ठिकाणी ६ मीटरांपर्यंत, म्हणजे दुमजली घराइतक्या उंच झाल्या. खेडी तुटली, मेंढ्या व तट्टे बर्फाखाली गाडली गेली. १९६३ च्या जानेवारीत मध्य इंग्लंडचे सरासरी तपमान उणे २.१ अंश सेल्सिअस होते. विसाव्या शतकातील तो तेथील सर्वांत थंड महिना ठरला. १८ जानेवारीस स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे पारा उणे २२.२ अंशांवर उतरला. केंट परगण्यातील हर्न बे येथे किनाऱ्याजवळचा समुद्र गोठला आणि ऑक्सफर्ड येथे गोठलेल्या थेम्स नदीवरून एक मोटार पलीकडे नेण्यात आली. फेब्रुवारीत पुन्हा बर्फ आला. फुटबॉलच्या प्रसिद्ध चषकस्पर्धेची तिसरी फेरी संपण्यास ६६ दिवस लागले, हे सांगितले म्हणजे खेळाची आवड असलेल्या मुलांना त्या हिवाळ्याची लांबी बरोबर कळेल.

आता त्याच्या अखेरीकडे वळू. त्या हिवाळ्याच्या इतिहासात एक तारीख नेहमी दिली जाते : ६ मार्च १९६३. त्या वर्षातील ही पहिली सकाळ, की जिच्यावेळी ब्रिटनमध्ये कोठेही दहिवर नव्हते. या वाक्यातील 'कोठेही' हा शब्द शिक्षकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा व मुलांना विचारावे की, हे कोणी पाहिले? एका गावातील मनुष्य फार तर आपल्या अंगणापुरते सांगेल. शेजारच्या खोऱ्यात गवत पांढरे असेल; डोंगराच्या उत्तर उतारावर तर नक्कीच असेल. 'कोठेही नाही' असे म्हणण्यासाठी देशभर शेकडो ठिकाणी शेकडो माणसांनी त्याच सकाळी, त्याच वेळी तपमापक वाचलेला असला पाहिजे आणि ते वाचन एका जागी गोळा झाले पाहिजे. बर्फाची सुरुवात कोणासही खिडकीतून दिसते. त्याची अखेर एकट्याला दिसत नाही.

ही वाचने घेणारांत सरकारी वेधशाळांचे नोकर होते तसेच केवळ हौसेने हे काम करणारेही पुष्कळ होते. ब्रिटनमध्ये ही परंपरा जुनी आहे. जॉर्ज जेम्स सायमन्स या गृहस्थाने १८६० साली देशभरच्या पावसाची आकडेवारी गोळा करून छापण्यास आरंभ केला. पहिल्या वर्षी १६८ ठिकाणांची नोंद आली. १९०० साली सायमन्स मृत्यू पावला त्यावेळी ठिकाणे तीन हजारांवर गेली होती. या नोंदी पाठविणारांत धर्मोपदेशक, डॉक्टर, जमीनदार आणि शाळामास्तर असे सर्व प्रकारचे लोक होते. त्यांस वेतन नव्हते. उलट उपकरण बहुधा स्वतःच्याच पैशाने घ्यावे लागे. सायमन्सचे नाव आपल्याकडील शिक्षकांस अपरिचित नाही. तहसील कचेरीच्या आवारात कुंपणाच्या आत बसविलेला, ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचा जो पर्जन्यमापक अनेक पिढ्यांनी पाहिला, त्यास 'सायमन्सचा पर्जन्यमापक' असेच म्हणतात.

पावसाचे मोजमाप सोपे. बर्फाचे तसे नाही. नियम असा की, सकाळी नऊ वाजता निरीक्षकाच्या सभोवतालची निम्मी वा अधिक जमीन बर्फाने झाकलेली असेल, तर तो 'बर्फ टिकलेला दिवस' धरावयाचा. जाडी मोजताना सपाट जागी, राशी व खळगे टाळून, तीन ठिकाणी मोजपट्टी उभी खुपसून सरासरी घ्यावयाची. पर्जन्यमापकात बर्फ साचला असेल तर तो घरात आणून वितळवावा लागतो. चुलीवर ठेवला तर काही भाग वाफ होऊन जाईल. म्हणून मोजपात्राने मोजलेले कोमट पाणी त्यात ओततात, सर्व बर्फ विरघळला की एकूण पाणी मोजतात आणि ओतलेले पाणी वजा करतात. वजाबाकीचे इतके सुंदर व्यवहारी उदाहरण गणिताच्या पुस्तकातही सहसा सापडत नाही. साधारणपणे ताज्या, भुसभुशीत बर्फाच्या ३० सेंटिमीटर थरातून सुमारे ३ सेंटिमीटर पाणी निघते. जुना, दबलेला थर असेल तर त्याच्या तिप्पटही निघू शकते. जाडी सारखी दिसली तरी पोटातले पाणी निराळे असते, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बर्फ वितळतो तो कशाने? वर्गात हा प्रश्न विचारल्यास "उन्हाने" असे उत्तर येईल. कोणी हुशार मुलगा "पावसाने" म्हणेल. दोन्ही उत्तरे अंशतःच बरोबर आहेत. प्रथम एक प्रयोग करावा. डब्यात बर्फाचा चुरा घेऊन त्यात तपमापक ठेवावा व डबा मंद आचेवर ठेवून सारखा ढवळावा. पारा शून्यावर येऊन थांबतो आणि बर्फाचा शेवटचा तुकडा दिसेनासा होईपर्यंत हलत नाही. आच चालू आहे, उष्णता आत जात आहे, पण पारा वर चढत नाही. ती उष्णता घनाचा द्रव करण्यातच खर्ची पडते. हीच अप्रकट उष्णता. १ ग्रॅम बर्फ वितळविण्यास सुमारे ८० उष्मांक लागतात. तेवढ्या उष्णतेने १ ग्रॅम गार पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते.

आता पावसाचा हिशेब पाहू. १० अंश तपमानाचा १० मिलिमीटर पाऊस बर्फावर पडला असे समजा. दर चौरस सेंटिमीटरवर १ ग्रॅम पाणी आले. ते शून्यापर्यंत निवताना १० उष्मांक देईल. १० भागिले ८०, म्हणजे केवळ अष्टमांश ग्रॅम बर्फ वितळेल. एवढ्या पावसाने वितळून आलेले पाणी सव्वा मिलिमीटर! मग बर्फ हां हां म्हणता जातो तो कसा? त्याचे उत्तर गार पाण्याच्या तांब्यावर आहे. उन्हाळ्यात थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, म्हणजे हवेतील बाष्प त्यावर पाणी होऊन बसते. बाष्पाचे पाणी होताना दर ग्रॅममागे जवळजवळ ६०० उष्मांक बाहेर पडतात. समुद्रावरून आलेला दमट, उबदार वारा बर्फावरून वाहू लागला की बर्फाचा पृष्ठभाग त्या तांब्यासारखा घामेजतो आणि असे प्रत्येक ग्रॅम बाष्प साडेसात ग्रॅम बर्फ वितळविते. शिवाय वारा सारखी नवी उबदार हवा आणून देत असतो, ते निराळेच. म्हणून अनुभवी निरीक्षक केवळ ऊन पडले की आनंदून जात नाहीत. हवा कोरडी असेल तर लख्ख उन्हातही बर्फ दिवसेंदिवस चिवटपणे टिकतो आणि रात्री पुन्हा दगड होतो. त्यांचे लक्ष असते ते वाऱ्याची दिशा आणि ओल्या फडक्याचा तपमापक यांकडे. ओला पारा शून्याच्या वर जाऊन तेथे राहिला, की बर्फाने मुक्काम हलविला असे समजावे.

हीच अखेर किती दारुण असू शकते हे ब्रिटनने सोळा वर्षे आधी पाहिले होते. १९४७ साली २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत ५५ दिवस देशात दररोज कोठे ना कोठे बर्फ पडत होता. महायुद्ध नुकतेच संपलेले, कोळशाचा तुटवडा, त्यात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारीपर्यंत सूर्यप्रकाशाची क्षणभरही नोंद नाही. १० मार्चला नैर्ऋत्येकडून उबदार हवा शिरली, तेव्हा लोकांस हायसे वाटले असेल तर त्यात नवल नाही. परंतु त्या हवेबरोबर जोराचा पाऊस आला. वर पाऊस, मध्ये आठवड्यांनुआठवडे दबून जड झालेला बर्फ, आणि खाली लोखंडासारखी गोठलेली जमीन! पाणी मुरावयास जागा नव्हती. कातळावर पडलेले पावसाचे पाणी जसे एकदम ओढ्यात उतरते तसे हे सारे पाणी नद्यांत उतरले. थेम्स, ट्रेंट आणि पूर्वेकडील सखल फेन प्रदेशातील नद्यांना महापूर आले. १६ मार्चच्या रात्री सोसाट्याच्या वाऱ्याने लाटा उठून फेनमधील बांध फुटले आणि पिकाऊ जमीन पाण्याखाली गेली. जो बर्फ जाण्याची वाट पाहिली, त्याच्या जाण्यानेच घरे बुडाली. थराच्या पोटात पाणी किती आहे हे ज्याने मोजपट्टी व तराजू घेऊन पाहिले असेल, त्यालाच अशा वेळी पुढील संकटाची कल्पना येते. १९६३ च्या मार्चमध्येही पूर आले, पण १९४७ सारखा हाहाकार झाला नाही.

डोंगरावरील बर्फाची नोंद ठेवण्याचे श्रेय मुख्यतः गॉर्डन मॅन्ले या भूगोलशास्त्रज्ञाकडे जाते. मध्य इंग्लंडच्या तपमानाची १६५९ पासूनची मालिका जुन्या रोजनिशा पडताळून ज्याने जुळविली, तोच हा. उत्तर इंग्लंडमधील ग्रेट डन फेल या उघड्या डोंगरमाथ्यावर लहानशी झोपडी बांधून त्याने हिवाळ्यात स्वतः राहून वाचने घेतली. त्याच्या पुढाकाराने १९३८ च्या सुमारास 'स्नो सर्व्हे' सुरू झाला. खोऱ्यात राहणाऱ्या निरीक्षकाने समोरच्या डोंगराकडे पाहावयाचे आणि बर्फाची खालची रेषा किती उंचीवर आहे ते लिहावयाचे, एवढेच त्यात काम. उपकरण नाही, खर्च नाही. रोज पाहणे मात्र आहे.

स्कॉटलंडमध्ये तर सर्वांत शेवटी वितळणारा बर्फ शोधणारी हौशी मंडळी आहेत. ब्रेरियाक या १,२९६ मीटर उंच पर्वताच्या सावलीतील एका कड्याखाली बर्फाचा एक तुकडा वर्षानुवर्षे टिकत असे. त्यास 'स्फिंक्स' म्हणतात. १९३३ साली तो नाहीसा झाला तेव्हा गिर्यारोहकांना ही गोष्ट पुन्हा घडणार नाही असे वाटले होते. विसाव्या शतकात तो पुढे आणखी दोनदाच, १९५९ व १९९६ साली, वितळला. एकविसाव्या शतकात मात्र २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१, २०२२ आणि २०२३ अशी वर्षे त्या यादीत पडत गेली. अॅडम वॉटसन हे जीवशास्त्रज्ञ २०१९ साली वारले. तोपर्यंत त्यांनी अनेक दशके या तुकड्यांचा हिशेब ठेवला आणि आज इयान कॅमरन व त्यांचे सहकारी ते काम करतात. एवढ्याशा तुकड्यासाठी पावसात, वाऱ्यात दिवसभर डोंगर चढावयाचा ही चैन वाटेल. परंतु वरील वर्षांची यादी अशा चालण्यातूनच तयार झाली आहे. मुलांनी ती संख्यारेषेवर मांडावी आणि अंतरे कशी कमी होत गेली ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.

आपल्या शाळांना बर्फ नाही, तरी त्याच्या कडेकडेच्या घटना आहेत. महाबळेश्वरला वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात काही वर्षी दवबिंदू गोठून हिमकण होतात. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्या भागातील शाळांनी पहिल्या गोठलेल्या सकाळीबरोबर शेवटच्या सकाळीचीही नोंद ठेवावी. पहिली तारीख वृत्तपत्रांत येते, शेवटची कोणी लिहून ठेवीत नाही. दोन-तीन शाळांनी मिळून एकाच वेळी वाचन घ्यावे व शनिवारी आकडे एकमेकांस कळवावेत. एखाद्या दिवशी वाचन राहून गेले तर त्या रकान्यात आडवी रेघ मारावी. मागच्या-पुढच्या दिवसांवरून अंदाजाने आकडा भरू देऊ नये, आणि रेघ मारणाऱ्या मुलास रागेही भरू नये.

गारपिटीच्या दिवशी कोमट पाण्याची वजाबाकी प्रत्यक्ष करता येईल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिची आठवण गावातील वडीलधारी मंडळी सांगतील. गारा थांबल्यावर, विजा कडाडणे पूर्ण बंद झाल्याची खात्री करून मगच शिक्षकांनी स्वतः पर्जन्यमापक आत आणावा. समजा, २० मिलिमीटर कोमट पाणी ओतले आणि गारा विरघळल्यावर मोजपात्रात ३४ मिलिमीटर भरले, तर वहीत १४ मिलिमीटर लिहावे, बाजूस 'गारा' असा शेरा द्यावा आणि वाचनाची वेळ घालावी.