प्रोग्रॅमिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर? चार मुलांच्या गटाने निवड कशी करावी



तोरणमाळहून शहाद्याला, नंदुरबारला शिकायला गेलेल्या मुलांचे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, पोरगं कॉम्प्युटर शिकतंय. चौघं मिळून प्रोजेक्ट करणार आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घेऊन देऊ?" काहींना तर क्लासवाल्यांनी हजारोंचा आकडाही सांगितलेला असतो. म्हणून आधीच सांगतो, खाली ज्यांची नावं येतील ती सगळी आज फुकट मिळतात. पैसे असतील तर आधी लॅपटॉपची रॅम वाढवा.

प्रोग्रॅम लिहायला लागतात तीन गोष्टी. लिहिण्यासाठी एडिटर, लिहिलेलं यंत्राला समजेल असं करणारा कंपायलर किंवा इंटरप्रिटर, आणि चूक शोधून देणारा डिबगर. हे तिन्ही एका छताखाली असलं की त्याला डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. मायक्रोसॉफ्टचं व्हीएस कोड 2015 साली आलं आणि आज सगळीकडे त्याचंच नाव ऐकू येतं, पण ते मुळात एडिटर आहे. त्यात कंपायलर नसतो, तो वेगळा टाकावा लागतो. मुलगा ते टाकतो, प्रोग्रॅम लिहितो, चालवायला जातो आणि काहीच होत नाही. मग त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. पहिल्या पिढीतून शिकणाऱ्या पोराच्या मनात ही गोष्ट बसली की ती काढणं फार अवघड जातं.

आता टर्बो सी बद्दल. निळ्या पडद्याचं हे सॉफ्टवेअर बोर्लंड कंपनीने 1987 मध्ये काढलं. टर्बो सी प्लस प्लस 1990 चं, आणि सी प्लस प्लस भाषेचं अधिकृत प्रमाण ठरलं 1998 मध्ये! तरीही आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये पिढ्यान् पिढ्या तेच चालत आलं. त्या काळात ते उत्तमच होतं. पण गटात काम करताना काय होतं, ते एका गणितावरून पाहू.

शेत 200 मीटर लांब आणि 200 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ 40,000 चौरस मीटर, म्हणजे 4 हेक्टर. हे पाचवीचं पोरही सांगेल. टर्बो सी मध्ये मात्र साध्या पूर्णांकाला 2 बाईट जागा मिळते, त्यात 32,767 च्या पुढची संख्या मावतच नाही. त्यामुळे उत्तर येतं उणे 25,536. तोच प्रोग्रॅम आजच्या जीसीसी कंपायलरवर 40,000 दाखवतो, कारण तिथे सर्वसाधारणपणे 4 बाईट असतात. दोघा मित्रांनी अक्षरन् अक्षर सारखं लिहिलंय आणि दोघांची उत्तरं वेगळी! गटात भांडण लागायला एवढं पुरे.

म्हणून गटासाठी माझं मत असं : कंपायलर सगळ्यांचा एकच, आवृत्तीसुद्धा तीच. एडिटर ज्याला जो आवडेल तो. इर्जिकीला प्रत्येक जण आपलं औत घेऊन येतो, पण तास एकाच दिशेने पडतात, तसंच हे. पायथनमध्ये तर याची जास्तच गरज पडते, कारण तिथे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचाच भाग आहे. एकाने टॅब दाबला, दुसऱ्याने चार वेळा स्पेस दाबली, पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण दोन्हींची सरमिसळ झाली की पायथन अडून बसतो. पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचं, चार स्पेस म्हणजे चार स्पेस. एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाईल प्रोजेक्टमध्ये ठेवली, तर बरेच एडिटर हा नियम आपोआप पाळतात. काहींना त्यासाठी एक जोड-प्रोग्रॅम टाकावा लागतो.

मग घ्यायचं काय? पायथनची सुरुवात असेल तर मी थॉनी सुचवतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते खास नवशिक्यांसाठी तयार झालं. पायथन त्याच्यासोबतच येतो, वेगळं काही शोधावं लागत नाही. एकेक पायरी चालवून कोणत्या डब्यात कोणती किंमत आहे ते मुलाला समोर दिसतं. शिक्षकाच्या दृष्टीने याहून मोठी सोय नाही. सी साठी कोडब्लॉक्स. त्याचं कंपायलरसह येणारं पॅकेजच घ्यावं. व्हीएस कोड वर्षभराने, हात बसल्यावर. आणि हो, कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा टर्बो सी वर असेल तर तिथल्या सरांना आधी विचारा आणि परीक्षेपुरता त्याचा सराव कराच. मार्क शेवटी तिथेच मिळणार आहेत.

लहान मुलांचं वेगळं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. त्यासाठी एमआयटीचं स्क्रॅच पुरेसं आहे, ते साधारण 8 ते 16 वयासाठीच बनवलंय. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून त्याची ऑफलाईन आवृत्ती घ्यावी. फक्त नवीन आवृत्तीला विंडोज 10 लागतं, जुन्या संगणकावर जुनी आवृत्ती टाकावी लागते.

एक गंमत बऱ्याच शिक्षकांना माहीत नसते. पायथन 3 मध्ये डब्यांची नावं देवनागरीत देता येतात. वजन, किंमत, एकूण अशी नावं चालतात. आकडे मात्र प्रोग्रॅममध्ये इंग्रजीच लिहायचे. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तर तिसरी. आज्ञा इंग्रजीत राहिल्या तरी निदान नावं ओळखीची असली, की आपण काय लिहितोय हे त्याला कळतं. गटाने एवढं ठरवावं की नावं मराठीत की इंग्रजीत, आणि 'किंमत' आणि 'किमत' असं दोन प्रकारे लिहू नये. पायथनला ते दोन वेगळे डबे वाटतात!

सुट्टीत मुलं घरी येतील तेव्हा एका पेनड्राईव्हमध्ये थॉनीचं इन्स्टॉलर, कोडब्लॉक्सचं कंपायलरसह पॅकेज आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी पाठ भरून आणायला सांगा. चौघांनी त्याच पेनड्राईव्हवरून टाकलं तर आवृत्तीही आपोआप एकच होते.