खाटेपूर्वीचे आरोग्य

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आयुष्मान भारतचे कार्ड असेल. २०१८ साली आरंभ झालेली ही योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण पडू नये, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु हे साहाय्य मुख्यत्वे मनुष्य रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचल्यावर मिळते, हे ध्यानात घ्या. जुलाबाने कोमेजलेले मूल, रक्तदाब वाढल्याचे ठाऊक नसलेली गर्भवती, ह्यांच्याकडे त्याआधी कोण जाणार?

जामखेडचे उदाहरण पाहा. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली त्या दुष्काळी भागात कार्य आरंभिले. गावांतील स्त्रियांना, ज्यांत कित्येक निरक्षर व दलित होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजावे, गर्भवतीस तपासावे, कुष्ठरोगाचा डाग ओळखावा, हे त्या करू लागल्या. (इंजेक्शनावर भिस्त ठेवणाऱ्या आपणांस हे फारच साधे वाटेल!) १९७८ साली अल्मा-आटा येथील जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेचे महत्त्व जगापुढे मांडले.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरविले. तिला मात्र नियमित वेतनश्रेणी नाही. मोबदल्याचा काही भाग कामागणिक. माझ्या मते व्यवस्थेचा कच्चा दुवा हाच.

आपल्या मंडळीत एखादी आशाताई असेल, तर तिला विचारा: औषधांची पेटी वेळेवर भरते काय? उपकेंद्राला कुलूप किती दिवस असते? ती सांगेल ते ग्रामसभेत मांडा.