बाळाची झोप: कुठे खर्च करावा, कुठे हात आखडावा

बाळ पोटात असल्यापासूनच आईबाबांना झोप विकणारे भेटायला लागतात. आपोआप झुलणारा पाळणा, ‘श्शऽऽ’ करत राहणारं यंत्र, खोलगट गादी, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा. सगळं घेतलं तर पंचवीस-तीस हजार सहज उडतात. ते हातात असतील, तर त्यातले चार-पाच हजार वस्तूंवर घाला आणि बाकीचे रात्रीच्या मदतीला ठेवा. (पुढचे भाव पुण्या-मुंबईतले आणि साधारण आहेत. लहान गावात ते कमी होतील.)

मुळात पहिल्या तीन महिन्यांत बाळ रात्रभर झोपावं अशी कुठलीच वस्तू नाही. ते दिवसाकाठी चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलंसं, दर दोन-तीन तासांनी भूक, आणि रात्र-दिवस कशाला म्हणतात ते शरीराला अजून कळलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झोपेचे पल्ले लांबतात आणि नेमकं तेव्हाच घेतलेल्या यंत्राला त्याचं श्रेय मिळतं!

आता अंथरुणाचं. लाकडी पाळणा सहा ते पंधरा हजारांना, विजेवर झुलणारा पाच ते दहा हजारांना. पाच-सहा महिन्यांत बाळ वळायला, कडेला धरून उठायला बघतं आणि पाळण्याचे दिवस संपतात. म्हणून नात्यात कुणाचा पोटमाळ्यावर असेल तर तोच उतरवा, नाहीतर भाड्याने आणा. महिन्याला पाचशे-हजारात मिळतो. बारशाचा सजवलेला पाळणा डेकोरेटरकडून येतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. तो फोटोपुरताच. पाळणा असो की जमिनीवरची गादी, बघायचं ते एवढंच: पृष्ठभाग सपाट आणि घट्ट हवा. गादीवर मूठ दाबून उचलली की खड्डा राहता कामा नये. बाळ उताणं झोपवायचं, आजूबाजूला उशी, लोड, मऊ खेळणी काही नाही. अमेरिकेत कडेच्या गुबगुबीत पट्ट्यांवर आणि तिरप्या झोपाळ्यांवर २०२२ साली कायद्यानेच बंदी आली, कारण त्यांत तान्ही मुलं गुदमरून गेली होती. आपल्याकडे त्या ‘बेबी बेडिंग सेट’मध्ये राजरोस मिळतात. दीड-दोन हजार वाचवा.

साडीच्या झोळीबद्दल आजीशी वाद होणार. समोर कुणी बसलेलं असताना दुपारची डुलकी झोळीत चालेल. पण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, म्हणून रात्रभर नको. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी (दीडशे ते चारशे रुपये) हवीच असं सांगणाऱ्या घरोघरी असतात. वर्षाच्या आत उशी नको. बाळ जागं असताना आपल्या डोळ्यांदेखत थोडा थोडा वेळ पालथं घाला, आकाराचं काम तेही करतं.

पैसे लावण्याजोग्या गोष्टी स्वस्तच आहेत. तुळशीबागेत सुती दुपटी शंभर-दोनशेला मिळतात, आठ-दहा घ्या. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी तीनशे ते सातशेला. ती एकदाच घ्यायची, उलट लिक्विडची बाटली दर दीड महिन्याने आणावी लागते. बंद खोलीत कॉइल मात्र कधीच नको. रात्रीपुरता एक डायपर दहा-पंधरा रुपयांचा, म्हणजे महिन्याला तीनशे ते साडेचारशे. दिवसा लंगोटच वापरणाऱ्या घरांनीही हा खर्च करावा. ओल्या दुपट्यापायी उठायची एक-दोन वेळ तरी टळते.

एसीचं गणित वेगळं. दीड टनाचा एसी रात्रभरात सहा-आठ युनिटं खातो. युनिट दहा-बारा रुपयांचं धरलं तर महिन्याला दोन-अडीच हजार. साधा पंखा अर्ध्या-पाऊण युनिटात रात्र काढतो, आणि त्याची घरघर आवाजाच्या यंत्राचं कामही करते. एसी लावलाच तर पंचवीस-सव्वीसवर ठेवा आणि बाळाच्या मानेमागे हात घालून पाहा. घाम असेल तर एक थर काढा. घरात झोपताना टोपडंही नको.

सगळ्यात मोठी रक्कम माणसांवर जाते आणि ती जावीच. मालिशवाली बाई एका वेळचे तीनशे ते सातशे घेते. मालिशीने बाळ सैलावतं हे खरं, पण ते कामच आहे हाताचं, आईने किंवा बाबांनी केलं तरी तेच. बाई ओवा-वावडिंगाची धुरी द्यायचा आग्रह धरतील, तेव्हा त्यांचा मान राखून नाही म्हणा. धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. रात्री सांभाळणारी बाई आठशे ते दीड हजारांना पडते. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून दोन रात्री बोलवा. आईला सलग पाच तास मिळाले की पुढचे चार दिवस निभतात. ब्युरोमार्फत घेताना पोलीस पडताळणी आणि बाई रजेवर गेली तर बदली कोण, हे लेखी घ्या. बाबांनी दहा ते तीनची पाळी धरली तर हाच सौदा फुकट होतो.

‘स्लीप कन्सल्टंट’ हा नवा धंदा. फी पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी घेऊ नका. त्यानंतरही सल्ला साधारण एकच निघतो: ठरलेली वेळ, मंद दिवा, आणि पेंगुळलेलं पण जागं बाळ अंथरुणावर ठेवणं. पैसे द्यायचेच असतील तर आधी पात्रता विचारा, आणि बालरोगतज्ज्ञांची पाचशे-हजारांची भेट त्याआधी घ्या.

झोपेसाठी औषध हा प्रकार मात्र कुठल्याच किमतीला नको. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका एके काळी पोराला अफूची बाळागोळी देऊन जात. आज तिची जागा सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या सिरपने घेऊ नये. गुटीतलं जायफळही बेताने, डॉक्टरांना विचारूनच. वर्षाच्या आत मधाचं बोट चाटवणंसुद्धा धोक्याचं.

दीड-दोन वर्षांच्या मुलांचा खर्च वेगळ्याच दारातून येतो. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय फुकट लागते. पण पुढचे दात किडले की दुधाच्या एकेका दाताच्या उपचाराला आणि टोपीला तीन ते सहा हजार मोजावे लागतात. दूध जेवणानंतर, मग ब्रश, मग अंथरूण. मोठ्यांची मालिका साडेनऊला संपते म्हणून मूल दहाला झोपतं, हेही बघा.

इतकं करूनही मूल रात्रभर तळमळत असेल, पाय झाडत असेल, तर लोह कमी नाही ना हे तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. फेरिटिनची तपासणी खासगी लॅबमध्ये पाचशे-आठशेला होते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठीचं लोहाचं सिरप मात्र सरकारी योजनेत आशाताईंकडून मोफत मिळतं. रोज घोरणं, तोंडाने श्वास घेणं किंवा झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटणं, यांसाठी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि तेही पुढच्या महिन्यावर न ढकलता.