एकच उत्तर, दोन वाटा

प्रश्न : आमच्या घरी येणाऱ्या इंग्रजी दैनिकात रोज क्रिप्टिक शब्दकोडे असते. साधी शब्दकोडी मी सहज सोडवते, पण याचे क्ल्यू वाचून काही बोध होत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते, तेव्हाही ‘हेच उत्तर का’ ते कळत नाही. हे क्ल्यू मुद्दाम मोघम ठेवतात का? ते सोडवायला शब्दकोश पाठ असावा लागतो का? आणि मराठीत असे कोडे होऊ शकते का?

उत्तर : तुमच्या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. तुम्ही क्ल्यूकडे वाक्य म्हणून पाहता आणि त्याचा अर्थ शोधता. क्रिप्टिक क्ल्यू दिसतो वाक्यासारखा, पण असते ती कृती. कोणती अक्षरे घ्यायची आणि त्यांचे काय करायचे, हे तो सांगत असतो. वाक्याचा वरवरचा अर्थ केवळ तुम्हाला भलतीकडे नेण्यासाठी रचलेला असतो.

साध्या कोड्यातला संकेत उत्तराकडे एकच बोट दाखवतो. ‘फूल (३)’ एवढेच दिले, तर कमळ, गुलाब, पळस यांपैकी काहीही चालेल. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे जुळेपर्यंत खात्री नाही. क्रिप्टिक क्ल्यू तेच उत्तर दोनदा सांगतो. एकदा सरळ अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळातून. म्हणजे मोघम असेल तर साधे कोडे. क्रिप्टिकमध्ये उत्तराचा ताळा क्ल्यूमध्येच दिलेला असतो. आणि सरळ अर्थाचा भाग नेहमी क्ल्यूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नाही. एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्मी वाट सापडते.

नियम आपल्या भाषेत लवकर कळतात, म्हणून या उत्तरासाठी मराठीतच काही क्ल्यू रचले आहेत. कंसातला आकडा उत्तरातील अक्षरांचा. जोडाक्षर किंवा काना-मात्रा असलेले अक्षर एकच धरायचे.

‘अनेक मळलेल्यांत दडलेले फूल (३)’. सरळ अर्थ शेवटी : फूल. ‘दडलेले’ हा शब्द सांगतो की उत्तर आधीच्या शब्दांच्या पोटात सलग लिहिलेले आहे. ‘अनेक’मधला शेवटचा क आणि ‘मळलेल्यांत’मधले पहिले म, ळ. कमळ! चिखल डोळ्यांसमोर आणणारे वाक्य वाचून मन वाहवत जाते आणि समोर छापलेला शब्द दिसत नाही.

‘बस तर! ढवळून देते गार पेय (४)’. पाहुणचाराचे वाक्य वाटते. पण ‘ढवळून’ हा हुकूम आहे : ‘बस तर’ ही चार अक्षरे ढवळा, गार पेय मिळेल. सरबत. क्रिप्टिकमध्ये अशा अदलाबदलीला अ‍ॅनाग्राम म्हणतात. मोडणे, सांडणे, गोंधळणे, नाचणे, झिंगणे यांतले काही दिसले की शेजारच्या शब्दांची अक्षरे मोजावीत. उत्तराच्या आकड्याशी जुळली तर बहुधा तेच. क्ल्यूमधल्या विरामचिन्हांकडे मात्र लक्ष देऊ नये. इथले उद्गारचिन्ह निव्वळ दिशाभूल करायला आहे.

‘मदनामागे थंड मजूर (४)’. हा मदन तुमचा शेजारी नव्हे. मदन म्हणजे काम, थंड म्हणजे गार. पहिल्यामागे दुसरे ठेवले की कामगार, म्हणजेच मजूर. आणि ‘हात सरकारला द्यावा लागतो (२)’ हा तर शाळेत शिकलेला श्लेष : हात म्हणजे कर, आणि सरकारला द्यावा लागतो तोही कर.

या चार क्ल्यूंमध्ये कठीण शब्द एकही नाही. शब्दकोश पाठ असण्याबद्दलची तुमची शंका इथेच मिटावी. इथे शब्दसंग्रहापेक्षा एक सवय लागते : ओळखीच्या शब्दाकडे अनोळखी नजरेने पाहण्याची. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने आपले कोडे बारा मिनिटांत सोडवण्याचे आव्हान दिले होते. त्यात उतरलेल्यांपैकी काहींना पुढे ब्रिटिश युद्धखात्याने पत्रे पाठवली आणि ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामावर घेतले. वरचा अर्थ बाजूला सारून आतली रचना पाहणारी माणसे त्यांना हवी होती.

क्रिप्टिकचा हा सगळा खेळ इंग्लंडमध्ये घडला, पण मूळ शब्दकोडे जन्मले अमेरिकेत. लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी रचलेले पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले. त्याला क्रिप्टिक वळण पक्के मिळाले ते १९२६ पासून, ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात टॉर्केमाडा या टोपणनावाने येणाऱ्या कोड्यांमुळे. रचनाकाराचे खरे नाव एडवर्ड पॉवीज मॅथर्स. टॉर्केमाडा हा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख. सोडवणाऱ्याचा छळ करण्याचा इरादा नावातच जाहीर केलेला. तेव्हा ठरलेले नियम नव्हते, आणि क्ल्यू मोघम असल्याची तक्रार त्या काळी रास्तही होती.

ती दूर करण्याचे श्रेय मी त्यांच्यानंतर १९३९ मध्ये आलेल्या डेरिक सॉमरसेट मॅकनट यांना देईन. त्यांचे टोपणनाव झिमेनेस, म्हणजे स्पेनच्याच आणखी एका धर्मन्यायाधीशाचे. १९६६ मध्ये त्यांनी कोडे रचण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या परंपरेचा आग्रह थोडक्यात असा : क्ल्यूमध्ये नेमका अर्थ असावा, अक्षरांची प्रामाणिक कृती असावी, आणि तिसरे काही नसावे. एकही शब्द भरतीचा नको. रचनाकाराने फसवावे जरूर, पण खोटे बोलू नये. आज ‘द हिंदू’सारख्या आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांतली क्रिप्टिक कोडीही मुख्यतः याच शिस्तीने चालतात.

म्हणूनच मुरलेले सोडवणारे उत्तर मिळाल्यावर थांबत नाहीत. ‘उत्तर आले, पण पार्स झाले का?’ असे ते एकमेकांना विचारतात. पार्स होणे म्हणजे क्ल्यूतल्या प्रत्येक शब्दाचे काम उलगडणे. कोड्याचा खरा आनंद या चर्चेत आहे, असे माझे ठाम मत आहे. चर्चेत वाईट क्ल्यूही उघडे पडतात. ‘नेहमी उलटतो नोकर (२)’ हा क्ल्यू पाहा. नोकर म्हणजे दास, तो उलटला की सदा, म्हणजे नेहमी. छान! पण दुसरी व्यक्ती म्हणेल, नेहमी म्हणजे सदा, तेच उलटले की दास, म्हणजे नोकर. दोघांचेही बरोबर. अशा वेळी दोष सोडवणाऱ्याचा नसतो, रचणाऱ्याचा असतो. चौकटीतल्या दुसऱ्या अक्षरांच्या आधाराने उत्तर ठरवता येईल, पण क्ल्यू कच्चाच.

मराठीत हे होऊ शकते, हे वरच्या क्ल्यूंवरून दिसलेच. अडचणी आहेत. इंग्रजीत सुटे अक्षरही कामाचे असते : एन म्हणजे उत्तर दिशा, व्ही म्हणजे रोमन पाच. त्यामुळे कोणताही शब्द तुकड्या-तुकड्यांनी बांधता येतो. आपल्या अक्षराला काना, मात्रा, वेलांटी चिकटलेली असते. ‘की’ आणि ‘क’ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून अदलाबदलीला वाव कमी आणि आडवे-उभे शब्द जुळवणेही कष्टाचे. पण अक्षरांशी खेळणे आपल्याला नवे नाही. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले. म हा ओष्ठ्य असल्याने त्यात ‘राम’ हा शब्दच वापरता येत नाही! ज्या भाषेत हे झाले, तिला चौकोनांचे भय बाळगायचे कारण नाही.

सुरुवात करताना ताज्या कोड्याशी झटू नका. कालचे कोडे आणि आजचे उत्तर शेजारी ठेवा, आणि प्रत्येक क्ल्यू उत्तराकडून मागे वाचा : अर्थ कोणत्या टोकाला आहे, हुकूम कोणता, अक्षरे कुठली. शक्य असेल तर दोघींनी मिळून करा, कारण एकीला न दिसलेले दुसरीला दिसते. आणि हा एक क्ल्यू तुमच्यासाठी, उत्तर पुढच्या अंकात : ‘पण रस उकळायला जळण? (४)’.