पिस्टनवरचा आकडा आधी वाचा

माझ्या बोलेरो पिकअपचं ‘फुल इंजिन’ केल्याचं बिल ज्याने हातात ठेवलं, त्याने पिस्टनसुद्धा बदलले नव्हते. रागातच लिहितोय, पण बिनपुराव्याचं नाही.

नंदिनीच्या चुनखडीची आणि जामुलच्या सिमेंटची धूळ खात चाललेली गाडी. निळा धूर, चढावर दम तुटायचा, ऑइल सारखं ओतावं लागायचं. भिलाईतल्या त्या गॅरेजच्या बिलावर स्पष्ट होतं: बोअरिंग, 0.50 ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक घासाई, नवे बेअरिंग. गाडी अहिवाऱ्याला आणली आणि थोड्याच दिवसांत निळा धूर पुन्हा हजर. सांगायला गेलो तर म्हणे, “नया इंजन है, थोडा ऑइल तो पियेगा.” मग फोन उचलणंच बंद. शेवटी गिऱ्हाइकांसमोर “ओव्हरलोड मारा होगा” म्हणत खापर माझ्याच डोक्यावर फोडलं.

दुर्गच्या दुसऱ्या मिस्त्रीने हेड उतरवलं. डिझेलच्या फडक्याने पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसली. खाली कोरलेलं होतं ‘एसटीडी’, म्हणजे कंपनीचं मूळ माप. मग सिलिंडरच्या वरच्या कडेला मला नख फिरवायला लावलं. नख अडकलं. बोअरिंग झालं असतं तर तो कंगोरा राहिलाच नसता. जुन्याच पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा घालून पूर्ण कामाचे पैसे उकळले होते.

म्हणून सांगतो, काम देण्याआधी बोअर गेजने मापं घ्यायला लावा. 2523 सीसीच्या या इंजिनाचा मूळ बोअर 88.9 मिमी. चारही सिलिंडरची मापं लेथवाल्याकडून कागदावर घ्या. पिस्टनच्या माथ्यावरचा आणि बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा बसवण्याआधी स्वतः वाचा, फोटो काढा. जुने पार्ट ताब्यात घ्या. द्यायला कुरकुरणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका. अख्खं दुसरं इंजिन बसवत असाल तर त्याची कागदपत्रं बघा आणि आरटीओत नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला चीर असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, नवं इंजिनही लवकर झिजतं. चांगलं ऑइल, वेळेवर सर्व्हिस हे तर आहेच.

फसवलं तर गप्प बसू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मी बिल, फोटो आणि ते पिस्टन घेऊन जाणार आहे. तिथे त्याने म्हणून दाखवावं ‘ओव्हरलोड’.